रात्री भरणारी टाकी

कोणी माझी ओळख करून देताना "या अंतराळस्थानकात राहून आल्या आहेत" असं म्हणालं की मला चीड येते. मी कुठेही गेले नव्हते. अमरावती-अकोला रस्त्यापासून जरा आत, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये लोखंडी डबे एकमेकांना जोडून ठेवले होते, आणि त्या डब्यांत आम्ही तिघं दार लावून राहत होतो. वर पृथ्वीभोवती जी स्थानकं फिरतात तिथे माणसाला रोज जी कामं करावी लागतात, ती सगळी इथे जमिनीवर करून बघायची. यंत्रं टिकतात का ते बघायचं, आणि माणसं टिकतात का तेही. फरक एवढाच, की वर पाणी तरंगतं आणि आमच्याकडे ते गळायचं.

लोकांना वाटतं, अंतराळ म्हणजे खिडकीतून दिसणारी निळी पृथ्वी वगैरे. आम्हाला खिडकीच नव्हती. आमचं आयुष्य म्हणजे सकाळी उठून हवेच्या जाळ्यांवर बसलेली धूळ आणि केस ओढून काढायचे, भिंती ओल्या फडक्याने पुसायच्या म्हणजे बुरशी धरत नाही, व्यायामाच्या पट्ट्याचे सैल झालेले बोल्ट आवळायचे, हवा साफ करणारे डबे बदलायचे, आणि दिवसाआड संडासाच्या नळ्या उघडून धुवायच्या. ज्याला अंतराळाची स्वप्नं पडतात त्याने आधी आठ दिवस आपल्या घरचा संडास घासून पाहावा. मग बोलावं.

मी अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं, आणि बरीच वर्षं दूध डेअरीत पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर काढलेली. म्हणून आत पाण्याचं खातं माझ्याकडे आलं. आत जितकं पाणी घेऊन गेलो तितकंच शेवटपर्यंत पुरवायचं होतं. घाम हवेत जातो, ती हवा थंड करून त्यातलं पाणी परत मिळवायचं. लघवी एका टाकीत जमा होते, तिची वाफ करून, गार करून, गाळून, तेच पाणी पुन्हा प्यायचं. पहिल्या दिवशी तो ग्लास हातात घेऊन मी जराशी थबकले होते. भाऊंनी मात्र एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "घरचंच हाये ना ताई, परक्याचं थोडीच हाये."

भाऊ म्हणजे आमच्यातले दुसरे. भातकुलीकडचे, बौद्ध घरातले, चाळिशीला टेकलेले. आयटीआय करून कामाला लागले आणि नोकरी करता करता इंजिनिअरिंगचा डिप्लोमा पुरा केला. नळ्या, व्हॉल्व्ह, पंखे, वायरी, जे काही फिरतं किंवा वाहतं ते सगळं त्यांच्याकडे. माणूस शांत, पण कामात खोट काढलेली मुळीच खपायची नाही. तिसरी डॉक्टर. पुण्याची, आम्हा दोघांपेक्षा लहान, फार हुशार आणि फार सभ्य. पहिल्या आठवड्यात ती मला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुमचं आणि भाऊंचं काही बिनसलंय का?" आम्ही दोघं नुसते पान्याच्या मापाबद्दल बोलत होतो. वऱ्हाडी बोलणं पुण्याच्या कानाला भांडणच वाटतं, त्याला आम्ही काय करणार!

शेडच्या एका कोपऱ्यात ऑफिस होतं. तिथले लोक कॅमेऱ्यातून आमच्याकडे बघायचे आणि माइकवरून बोलायचे. त्यांना आम्ही 'बाहेरचे' म्हणायचो. दार त्यांच्याकडून उघडायचं, पण आम्ही मागितलं तर केव्हाही. एकदा दार उघडलं की आतली हवा बाहेरच्या हवेत मिसळली, म्हणजे चाचणी बाद. भाऊंच्या दृष्टीने हे फार मोठं होतं. ही चाचणी पूर्ण करणाऱ्यांतूनच पुढच्या, खऱ्या स्थानकासाठीच्या तयारीला माणसं निवडणार होते आणि भाऊंचं नाव जवळजवळ पक्कं होतं. ते असं तोंडाने म्हणत नसत. पण एकदा पंखा साफ करताना मला म्हणाले, "ताई, आमच्या घरातून कोनी आजवर नागपूरच्या पलीकडे कामाले गेलं नाई. मी गेलो तं वरच जाईन." आणि एकटेच हसले.

पाण्याची कटकट तशी सुरुवातीपासून होती. लघवीची टाकी सकाळी पाहिली की हिशोबापेक्षा जास्त भरलेली असायची. थोडीशीच. मी म्हटलं, नवं यंत्र आहे, स्थिरावेल. ते काही स्थिरावलं नाही. रोज जादा पाणी उकळावं लागत असल्यामुळे यंत्र ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालायला लागलं, तापायला लागलं, आणि महिन्याभराने त्याचा पट्टा घसरायला लागला. तेव्हा कुठे मी पदर खोचला.

टाकीत खारेपणा मोजायचं मीटर घातलं की आकडा कमी यायचा. माणसाची लघवी एवढी पातळ नसते. फ्लशचं बटण किती वेळा दाबलं ते यंत्रात मोजलं जायचं, आणि ते आकडे तर बरोबर होते, तिघांच्या मानाने थोडे कमीच. म्हणजे फ्लश कमी, लघवी पातळ, आणि टाकी जास्त भरलेली. शिवाय पिण्याच्या टाकीतलं पाणी तेवढंच कमी होत होतं. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल असा होता. चांगल्या पाण्याच्या नळीतून कुठेतरी गळती होऊन ते पाणी घाणीच्या टाकीत उतरत होतं. आणि दिवसा पातळी ठीक असायची, रात्री वाढायची. रात्री आम्ही कोणी पाणी वापरत नाही तेव्हा नळीतला दाब वाढतो, त्या दाबाने एखादा व्हॉल्व्ह झिरपत असणार. मी तसं बाहेरच्यांना ठणकावून सांगितलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. पडद्यासारखे लावलेले पत्रे काढायचे, मागे हात घालायचा, ओल लागते का बघायचं. भाऊ तासन्‌तास उताणे पडून टॉर्च तोंडात धरून नळ्यांचे जोड तपासत. ओल कुठेच नव्हती. फ्लशचा व्हॉल्व्ह बदलला. सकाळी टाकी तशीच भरलेली. दुसरा बदलला, तो आमच्याकडचा शेवटचा होता. सकाळी पाहते तर टाकी पुन्हा तशीच.

माझं डोकं फिरलं. मी माइक चालू असताना, बाहेरच्यांच्या देखत म्हणाले, "भाऊ, तुमी वॉशर उलटा तं नाई बसवला?"

त्यांनी टॉर्च खाली ठेवली. "मी वॉशर उलटा बसवीन?"

"मंग पानी काय आभाळातून येऊन राहिलं?"

"तसं असन तं मले घरी पाठवा, ताई. नाई तं तुमीच बसवा."

त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड करून चहा घेतला. रात्री जेवतानाही एक अक्षर बोलले नाहीत. तीन माणसांच्या डब्यात एक माणूस अबोला धरून बसला की हवाच जड होते. डॉक्टर बिचारी दोघांच्या मध्ये बसून वरणात भात कालवत राहिली. या खेपेला मात्र तिचा समज बरोबर होता.

पुढच्या दिवशी बाहेरच्यांनी सांगितलं, यंत्राचा पट्टा असा घसरत राहिला तर एक दिवस तुटेल आणि तापून धूर होईल. बंद डब्यात धूर चालणार नाही. परवा सकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर दार उघडू. भाऊंनी हे ऐकलं, हातातला पाना खाली ठेवला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. माझ्यावरचा राग विसरून ते म्हणाले, "ताई, एक डाव अजून पाहू. काहीबी करू, पन दार नको."

मी एक साधी गोष्ट केली. ती आधीच करायला हवी होती. झोपायच्या आधी संडासाकडे येणाऱ्या चांगल्या पाण्याचा मुख्य कॉकच बंद केला, आणि त्याचा दांडा काढून माझ्या उशाखाली ठेवला. आता कुठलाही व्हॉल्व्ह झिरपला तरी पाणी यायला वाटच नव्हती. सकाळी उठून आधी टाकी पाहिली. टाकी भरलेली होती, रोजच्याइतकीच.

मी तिथेच, संडासाच्या दाराशी खाली बसले. नळीतून पाणी येत नव्हतं, तर ते माणसातून येत होतं, दुसरं काही उरलंच नव्हतं. इतके दिवस आम्ही पत्रे उचकटले, जोड तपासले, एकमेकांची मनं दुखावली, आणि साधा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता.

नाश्त्याला पाकिटातला उपमा होता. मी विचारलं, "रात्री संडासाले कोन उठते?"

"मी नाही," डॉक्टर म्हणाली. "मी कानात बोळे घालते त्या पंख्यांच्या आवाजामुळे. सकाळीच जाग येते."

"मी उठतो ना," भाऊ म्हणाले.

"किती वेळा?"

"चार-पाच खेपा. कवा सहा. त्याचं काय?"

"मंग फ्लश कावून नाई करत?"

"रात्री कायले? नुसत्या लघवीवर एवढं चांगलं पानी कोन ओतते, ताई? सकाळी एकदाच मारतो. आमच्याकडे असं पानी वाया घालवलं तं माय कान उपटन."

मी चमचा खाली ठेवला. "भाऊ, दोन व्हॉल्व्ह बदलले आपन. तुमी तासन्‌तास उताने पडून होते. मंग सांगतलं कावून नाई?"

ते खरोखर गोंधळले. "यात सांगाचं काय? मानूस रात्री उठतेच. मले वाटलं, रात्रीचं तुमी हिशोबात धरलंच असन."

मी हसत सुटले. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. माझं यंत्र निर्दोष होतं! हिशोब लिहिणाऱ्या कोणा शहाण्याने माणूस रात्रभर झोपतो असं धरलं होतं, आणि आमचा भातकुलीचा माणूस पाणी वाचवत अंधारात खेपा घालत होता. भाऊही हसायला लागले. वॉशर उलटा नव्हता याचा त्यांना जास्त आनंद झाला होता. "आता माफी मागा," ते मला म्हणाले, आणि मी कान धरून मागितली. मी उठून माइककडे निघाले, बाहेरच्यांना सांगायला, की दार उघडायची गरज नाही.

डॉक्टर हसत नव्हती. ती उठून भाऊंच्या पायाशी बसली होती आणि त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला होता. अंगठा काढला तेव्हा तिथे खळगा राहिला आणि सावकाश भरला.

"भाऊ, हे असं किती दिवसांपासून आहे? रात्री उठणं?"

"दिवस कायचे? वर्षं म्हना. आमच्या घरी सगळेच उठतेत."

भातकुली खारपाणपट्ट्यात येते. तो पट्टा म्हणजे काय ते डॉक्टरला मी सांगितलं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना जमीन काळीभोर, कापूस-तुरीला चांगली, पण जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गावोगाव लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच प्यायलं. आता नळ झाले आहेत, पण नळाला पाणी नसलं की पुन्हा विहीर आणि बोअर आहेच. त्या पट्ट्यात मूत्रपिंडं खराब झालेली माणसं गावागावात सापडतात, हे अकोल्यात आम्हाला सगळ्यांना माहीत असतं, पेपरात येतं, आपण वाचतो आणि पान उलटतो. मी भातकुलीच्या माणसाबरोबर इतके दिवस एका ताटात जेवावं तशी जेवत होते आणि पाण्याचं खातं माझ्याकडे होतं. तरी मला ते सुचलं नाही.

डॉक्टरकडे रक्त तपासायचं हातात मावेल एवढं यंत्र होतं. तिने भाऊंच्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, आकडा पाहिला, आणि दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिला. निवडीच्या वेळी हाच क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत ते सांगणारा आकडा काठावर आला होता. गेल्या वर्षीचा ऐन उन्हाळा होता, म्हणून तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, पाणी कमी प्यायले असाल. भाऊ म्हणाले होते, "हो, उन्हाळी लागली असन." आमच्याकडे मे महिन्यात काहीही झालं तरी ते उन्हावर ढकलतात. लघवीत बाकी काही दोष नव्हता, रक्तदाब ठीक होता, म्हणून पास झाले.

"भाऊ," डॉक्टर म्हणाली, "तुमची मूत्रपिंडं साधारण अर्धंच काम करताहेत. ती लघवी घट्ट करू शकत नाहीत. म्हणून ती अशी पाण्यासारखी होते, आणि म्हणून तुम्ही रात्री उठता."

लहान मूल चोखतं तसं भाऊंनी बोट चोखलं आणि शर्टाला पुसलं. "मंग आता?"

"मला बाहेर कळवावं लागेल."

"कळवा. पन मी बाहेर निघनार नाई."

मग वादावादी झाली. मी भाऊंच्या बाजूने भांडले, हे मी सांगून टाकते. मला वाटत होतं, थोडेच दिवस राहिले आहेत, इतक्या वर्षांचं दुखणं एवढ्या दिवसांनी काय वाढणार आहे? डॉक्टरलाही ते नाकारता आलं नाही. ती म्हणाली, "फरक पडणार नाही, खरं आहे. पण लपवणार मी नाही." तिने माइकवर सगळं सांगितलं, आवाज न चढवता, एकही गोष्ट न गाळता. बाहेरच्यांनी त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, आणि दुपारी निरोप आला. पाणी पुरेसं प्या, रोज रक्त तपासा, आणि माणसाची स्वतःची तयारी असेल तर राहू द्या. ठरवायचं त्यांनीच.

भाऊंना झालेला आनंद मी विसरणार नाही. घरात लग्न ठरल्यासारखे ते उठले. "चला, तो पट्टा नीट करू," म्हणाले. रात्रीचं पाणी आता हिशोबात धरायचं होतं, म्हणजे यंत्राला वेगळा वेळ लावून द्यायचा आणि घसरणारा पट्टा ताणून घ्यायचा, बस. ते यंत्रापुढे मांडी घालून बसले. मी पाने हातात देत होते. डॉक्टर शेजारी पत्र्याला टेकून बसली होती. तिच्या मनातून ते जात नव्हतं. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ, घरी सगळेच उठतात म्हणालात. म्हणजे कोण कोण?"

"आता पाहा," भाऊ बोल्ट सैल करत म्हणाले. "बाबा उठायचे. ते गेले. आजारीच होते शेवटी, अंगावर सूज येऊन गेले. मोठा भाऊ उठायचा. त्याचं तं आता बंदच झालं, तो अमरावतीले जाते मशीनवर, रक्त धुवाले."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही निवडीच्या वेळी सांगितलं नव्हतं."

"इचारलं होतं, घरात हा आजार हाये का. त्याचा आजार वेगळा ना, डॉक्टर. तो कंबरेच्या दुखण्याच्या गोळ्या लय खाये. डॉक्टरनंच सांगतलं का गोळ्याईनं गेले गुर्दे. आमच्या घरात आजार नाई." त्यांनी हात पुढे केला, मी बारका पाना दिला. "आत्या उठते. चुलतभाऊ उठते. आमची बायको मात्र नाई उठत बरं! ते धामणगाव रेल्वेची, गोड्या पान्याची. पडली का पडली. लगन झालं तवा साऱ्या घरानं तिची मजा केली, का ही सून हाये का लाकूड, रात्री एक डावबी उठत नाई. माय म्हने, हिले डॉक्टरले दाखव."

ते हसले. मीही हसले, पण अर्ध्यातच थांबले. सगळं घर रात्रभर उठत होतं, आणि जी एकटी धडधाकट झोपायची तिला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

"अन् पोट्टी..." भाऊ म्हणाले.

पाना बोल्टवर होता. तो फिरला नाही. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो, आणि ते यंत्राकडे बघत होते.  त्यांची मुलगी चौथीत होती. तिने काढलेलं स्थानकाचं चित्र त्यांच्या झोपायच्या फळीवर, बुद्धाच्या छोट्या मूर्तीशेजारी चिकटवलेलं होतं.

"भाऊ?" डॉक्टर म्हणाली.

"ते भेत होती अंधाराले," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "रात्री उठली का मले उठवे. रोज दोन-दोन डाव. मंग मीच तिची खाट मोरीजवळ टाकून देल्ली. बल्ब लावून देल्ला. म्हटलं, आता भिऊ नको, जवळच हाये. मीच टाकून देल्ली, ताई."

 त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, तो ठेवला. त्यांना तो कळला की नाही कोण जाणे. डॉक्टर घाईने म्हणाली, लहान मुलं उठतात, घाबरून उठतात, जास्त पाणी पिऊन उठतात, तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही. तिचं खरंच होतं. पण ती बोलत असतानाच भाऊंनी पाना पेटीत जागच्या जागी ठेवला, पेटी बंद केली, उठले, आणि माइकचं बटण दाबलं.

"दार उघडा," ते म्हणाले.

बाहेरच्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आत्ताच तर सगळं ठरलं. नीट विचार करून सांगा. दार उघडलं की चाचणी संपेल."

"मले मालूम हाये. दार उघडा."

पुढच्या तयारीची माणसं दुसऱ्याच तुकडीतून निवडली गेली. भाऊ आता बाहेरच्या वर्कशॉपमध्ये काम करतात, औषधं घेतात, महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासतात. मूत्रपिंडं आणखी घसरली नाहीत, एवढंच समाधान. मला अजूनही कधीतरी वाटून जातं की त्या माणसाने वर जायला हवं होतं. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस आहे तो. मग मला त्या विचाराचाच राग येतो.

त्या दिवशी दार उघडलं तेव्हा आधी ऊन आत आलं. शेडमधली ती चैत्रातली गरम हवा, जुन्या सरकीच्या वासाची. इतक्या दिवसांनी डोळे दिपले. बाहेरचे लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले होते, पण आमचे चेहरे पाहून त्यांचे हात तसेच राहिले. भाऊंनी कोणाकडे पाहिलं नाही. ऑफिसातल्या एका माणसाचा मोबाइल जवळजवळ हिसकावून घेतला आणि बायकोला फोन लावला. मी शेजारीच होते, तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"सुटले का तुमी? आज तं सुटाचं नव्हतं."

"ऐक. पोट्टीले घेऊन अमरावतीले ये. आजच. दवाखान्यात दाखवाचं हाये."

"कावून? चांगली तं हाये, शाळेत गेली. काय झालं?"

 भाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि शेडच्या खांबाला पाठ टेकून खाली बसले. मग मीच तिला सांगितलं. कोण बोलतेय ते सांगितलं, भाऊ बरे आहेत हे सांगितलं, त्यांच्या रक्तात काय निघालं ते सांगितलं. रात्री उठणं साधं नसतं, हेही सांगितलं. तुमची मुलगी रात्री उठते ना, म्हणून तिचं रक्त तपासून घ्यायचं, घाबरायचं कारण नाही, नुसतं तपासायचं. मी डॉक्टरचीच वाक्यं म्हणत होते.

 फोनमध्ये मागे कुठेतरी नुसता भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, रडत असेल. पण ती रडत नव्हती, मोजत होती.

"एकटीलेच आनू का ताई," तिने विचारलं, "का सगळ्याईले आनू? आमच्या गल्लीतले तं सगळेच लेकरं उठतेत."